गडद रंगाची गाडी, दोन बादल्या, आठ रविवार: धुण्याच्या नोंदी

२ फेब्रुवारी (आधीची अवस्था)

गाडी गडद निळी, नऊ वर्षांची. दिवसा चार पावलांवरून बघितली तर छान दिसते. काल रात्री पडलेली किल्ली शोधायला टॉर्च लावला, उजेड बोनेटवर पडला आणि पोटात गोळाच आला. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक गोल चऱ्यांचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं! टॉर्च सरकवला की जाळंही सोबत सरकतं.

हे चरे खरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यातले उजेडाला आडवे जाणारे तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. त्यामुळे ‘गोल गोल पुसल्यामुळे झालं’ हा माझा पहिला अंदाज बाद. खरं कारण कबूल करायला लाज वाटते. गेली सहा वर्षं रोज सकाळी मी कोरड्या फडक्याने गाडीवरची धूळ झटकते. झटकते म्हणजे काय, रंगावरून ओढतेच. त्या धुळीत वाळूचे कण असतात. थोडक्यात, मी रोज सकाळी गाडीवरून बारीक सँडपेपर फिरवत होते, तोही प्रेमाने. आजपासून ते फडकं बंद.

नख आडवं फिरवून पाहिलं, कुठेही अडकलं नाही. म्हणजे चरे वरच्या पारदर्शक थरातच आहेत. लगेच पॉलिश करून टाकावं असं मनात आलं, पण थांबले. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बहुतेकांच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशने चरा भरून येत नाही, आजूबाजूचा थर चऱ्याच्या पातळीपर्यंत खाली येतो. धुण्याची पद्धत तीच ठेवून पॉलिश करत राहिलं तर एक दिवस थरच उरायचा नाही. तेव्हा आधी धुणं सुधारायचं, पॉलिशचं नंतर बघू.

मोजायला एक सोय सापडली. मागे कुणीतरी धडक दिल्यामुळे डिकीचं झाकण दीड वर्षापूर्वी नव्याने रंगवून घेतलंय. त्यावर चरे अगदी कमी आहेत. प्रत्येक धुण्याआधी आणि नंतर तिथे टॉर्च एकाच कोनात धरून फोटो काढायचा. नवी रेघ दिसली की त्या दिवशी काहीतरी चुकलं.

९ फेब्रुवारी (पहिलं धुणं, ५० मिनिटं, सगळंच चुकलं)

मुद्दाम पूर्वीसारखंच धुतलं, तुलनेसाठी. एक बादली, एक चपटा स्पंज, भांडी घासायचा लिक्विड साबण, साडेअकराचं ऊन. सुरुवात बोनेटपासून, कारण बोनेट समोर दिसतं म्हणून. याहून शास्त्रीय कारण नाही.

डावी बाजू संपवून उजवीकडे जाईपर्यंत डावीकडचा फेस वाळला होता. पुन्हा पाणी मारलं, तर ते पाणी वाळून पांढरे ठिपके. मग कोरडा टॉवेल घेऊन ठिपक्यांवर जोर लावला. काही गेले, काही पसरले. रात्री टॉर्च लावला तर डिकीच्या झाकणावर चार नव्या रेघा, चारही उभ्या आणि समांतर. मी टॉवेल नेमका त्याच दिशेने ओढला होता. साबण लावताना हात गोल फिरत होता, म्हणजे या रेघा धुताना पडलेल्या नाहीत, पुसताना पडल्यात.

या चार रेघांनी मला शहाणं केलं. फराटे आणि चरे ही मी एकच तक्रार समजत होते. फराटे म्हणजे रंगाच्या वर उरलेलं काहीतरी, चरे म्हणजे रंगातून गेलेलं काहीतरी. पहिलं घालवायला घासायचं आणि त्यातून दुसरं ओढवून घ्यायचं, हे माझं सहा वर्षं चाललं होतं. फराटे पडूच दिले नाहीत तर घासायची वेळ येणार नाही. पुढचं सगळं काम या एका धाग्याने चाललंय.

भांड्यांच्या साबणाबद्दल: त्याने रंग लगेच खराब होत नाही, पण तो तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, त्यामुळे रंगावरचं मेणही सोबत घेऊन जातो. धुतल्यावर पाण्याचे मणी होत नव्हते, पाणी मरगळून पसरत होतं.

१६ फेब्रुवारी (दोन बादल्या, ३ तास २० मिनिटं)

सकाळी सात, पूर्ण सावली. बोनेटला तळहात लावून थंड असल्याची खात्री केली. अंगठी, घड्याळ, बकलचा पट्टा घरात ठेवून आले.

दोन पांढऱ्या बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. दोन्हींच्या तळाला जाळी, म्हणजे खाली बसलेला गाळ हाताबरोबर पुन्हा वर येत नाही. बादल्या पांढऱ्याच घ्या. काळ्या बादलीत तळाला काय साचलंय ते दिसत नाही, आणि दिसणं हाच तर मुद्दा आहे. स्पंजऐवजी लांब तंतूंचा हातमोजा आणला. स्पंज सपाट असतो, त्यात अडकलेला खडा थेट रंगावर घासला जातो. मोज्याच्या तंतूंमध्ये तोच खडा आत शिरून बसतो.

चाकं आधी धुतली. त्यांची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं, कारण चाकावरच्या काळ्या भुकटीत ब्रेकमधून झिजलेले लोखंडाचे कण असतात. चाकं शेवटी धुतली तर तोवर गाडी ओली राहून वाळायला लागते. मग सगळ्या गाडीवर नुसतं पाणी, टपापासून खाली, चांगली दहा मिनिटं. जो कण पाण्याने जातो त्याला हात लावायचा नाही. फेस लावून पाच मिनिटं मुरू दिला आणि मगच मोजा हातात घेतला. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सगळी वाळू तिथेच असते. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून, पिळून, मग शाम्पूत. हात सरळ रेषेत, मोज्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब.

शेवटी साध्या पाण्याची बादली जुन्या पांढऱ्या कापडातून गाळली. कापडावर चिमूटभर वाळू उरली. मागच्या रविवारी एकच बादली होती, म्हणजे एवढी वाळू मी साबण लावून लावून गाडीवर परत फिरवली होती.

आता चुका. पहिली, मोजा हातातून निसटून जमिनीवर पडला. वरवर धुऊन तोच वापरायचा मोह झाला होता. नाही वापरला, दुसरा आणायला आत गेले, तेवढ्यात एका दारावरचा फेस वाळला. आता मोजे दोन आणते, जवळच ठेवते. दुसरी, शाम्पू मापाच्या तिप्पट घातला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, अशी समजूत. प्रत्यक्षात तो निघता निघेना, रंगावर बुळबुळीत पापुद्रा राहिला आणि वाळल्यावर त्याचे इंद्रधनुषी फराटे. ते काढायला अर्धी गाडी पुन्हा धुतली. त्यातच एक तास गेला.

रात्रीचा फोटो: नवी रेघ एकही नाही. ठिपके मात्र जसेच्या तसे.

१९ फेब्रुवारी (आरशावरची परीक्षा)

ठिपके शाम्पूचे की पाण्याचे, हे गाडीवर शोधण्यापेक्षा एक जुना आरसा आडवा ठेवला आणि त्यावर चार थेंब टाकले: नळाचं पाणी, तेच उकळून गार करून वरचं निवळलेलं, पिण्याच्या आरओ फिल्टरचं आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. रात्रभर वाळू दिलं.

सकाळी नळाच्या थेंबाची जाड पांढरी कडी. उकळलेल्याची थोडी फिकट, पण होतीच. आरओचा डाग तिरपं बघितलं तर दिसेल एवढा. डिस्टिल्डचा थेंब कुठे टाकला होता तेच सापडेना. पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागून आणला, त्यावर नळाचं पाणी ४१०, आरओचं ३८, डिस्टिल्डचं १.

म्हणजे इतके दिवस मी शाम्पू आणि टॉवेल बदलत होते ते आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे तेच हे: कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी उडून जातं, क्षार रंगावर राहतात. उकळल्याने त्यातले काही क्षार तळाला बसतात, सगळे नाही. कितीही महागडा शाम्पू वापरला तरी शेवटचा थेंब गाडीवर वाळला की कडी उमटणारच. उपाय दोनच, थेंब वाळू द्यायचा नाही किंवा शेवटचं पाणी क्षाराशिवायचं वापरायचं.

२३ फेब्रुवारी (टॉवेलने दगा दिला, २ तास १० मिनिटं)

धुणं आता हातात बसलंय. नवा मोठा मायक्रोफायबर टॉवेल वापरायला काढला. बोनेटवर टाकला तर पाणी शोषायचं सोडून पुढे ढकलायला लागला. जाईल तिथे ओला पट्टा. दुसरा घेतला, तेच. घाईत तिसरा सुती पंचा घेतला, त्याने शोषलं खरं, पण सगळीकडे बारीक पांढरे धागे सोडले.

धाकटा भाऊ जिन्यावर बसून बघत होता. म्हणाला, “ताई, तू गाडी धुतेयस की सारवतेयस?”

“तू ये ना मग खाली, घे टॉवेल.”

तो खाली आला, टॉवेल हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाला, “याला कपड्यांसारखा वास येतोय.”

बरोबर होतं त्याचं. नवे टॉवेल एकदा धुऊन घ्यावेत म्हणून मी ते घरच्या कपड्यांबरोबर मशिनला लावले होते आणि शेवटी सुगंधी सॉफ्टनर घातला होता. सॉफ्टनर कपड्याच्या धाग्यावर मेणचट लेप देतो, म्हणून कपडे मऊ लागतात. मायक्रोफायबरचं सगळं काम त्या चिरलेल्या बारीक तंतूंवर चालतं. तेच लेपाने बंद झाले तर तो टॉवेल कसला, प्लास्टिकचा कागदच.

२६ फेब्रुवारी

टॉवेल वाचवले. कोमट पाणी, थोडा लिक्विड डिटर्जंट, सॉफ्टनर नाही, सुती कपडे सोबत नाहीत, जास्तीचं खळबळणं दोनदा. पहिल्या धुण्यानंतर थोडा फरक, दुसऱ्यानंतर पूर्ववत. सावलीत वाळवले. ड्रायर असेल तर अगदी कमी उष्णतेवर, कारण हे तंतू पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे, जास्त उष्णतेने त्यांची टोकं कडक होतात आणि मग तेच चरे पाडतात. एक टॉवेल मागच्या महिन्यात इस्त्रीखाली गेला होता. तो गालावर फिरवून पाहिला, खरखरीत लागला. त्याची बदली चाकांच्या बादलीत.

कंपनीच्या नावाच्या पट्ट्याही कापून टाकल्या. कडक शिलाईची कडा रंगावरून गेली तर तीही रेघ उमटवते. सगळे टॉवेल आता झाकणाच्या डब्यात, रंगांप्रमाणे: निळे रंगासाठी, हिरवे काचेसाठी, जुने करडे चाकांसाठी.

२ मार्च (पुसणं बंद, टिपणं सुरू, १ तास ४५ मिनिटं)

आजचा दिवस जमला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटचं पाणी मारताना पाइपाचा फवारा काढून टाकला. उघड्या पाइपाची हळू धार टपाच्या मधोमध धरली की पाणी चादरीसारखं एकसंध खाली सरकतं आणि जाताना सुटे थेंब सोबत घेऊन जातं. फवाऱ्याने हजारो थेंब तयार होतात आणि ते सगळे तिथेच बसून राहतात. नुसत्या या एका बदलाने टिपायचं पाणी निम्म्याहून कमी झालं असावं. मोजलं नाही, पण टॉवेल पिळावा लागला नाही.

मग हातपंपाच्या फवारणी डब्यातून आरओचं पाणी, वरून खाली. सबंध गाडीला १२ लिटर लागलं, दोन वेळा डबा भरून. डिस्टिल्ड वॉटर वापरायचं म्हटलं तर प्रत्येक वेळी एवढं विकत घ्यावं लागेल, ते मला परवडत नाही आणि गरजही वाटत नाही. आरओचा थेंब चुकून वाळला तरी त्याची कडी ओल्या टॉवेलने हलकेच निघते.

टॉवेल आता ओढत नाही. बोनेटवर अंथरायचा, वरून तळहाताने अलगद थापटायचा, उचलायचा, पुढच्या जागी अंथरायचा. बाजूच्या दारांवर असं जमत नाही, तिथे टॉवेल वरच्या कडेला धरून नुसता खाली सरकवते, दाब शून्य. कोरड्या रंगावर कोरडा टॉवेल कधीच नाही. कुठे वाळलंच असेल तर आधी तिथे पाणी फवारायचं.

मग ‘झाली गाडी’ म्हणून टॉवेल धुवायला टाकले, आणि दहा मिनिटांनी बघते तर दोन्ही आरशांखालून काळपट ओघळ! आरशाच्या खोबणीत, दारांच्या मुठींत, नंबर प्लेटमागे, इंधनाच्या झाकणाखाली, दिव्यांच्या फटींत पाणी दबा धरून बसलेलं असतं. आपण वळलो की ते बाहेर येतं. घरातला पानं उडवायचा ब्लोअर आणून फटींत हवा मारली. काम झालं. मात्र तोंड जमिनीकडे धरू नका. मी धरलं, धूळ उडाली आणि ओल्या मागच्या बंपरवर बसली. तो भाग पुन्हा धुतला, १५ मिनिटं गेली.

ब्लोअर नसेल तर गाडी गल्लीत एक फेरी मारून आणा, दोनदा ब्रेक दाबा, दारं आणि डिकी उघडझाप करा, मग उरलेलं टिपा. फेरीचा आणखी एक फायदा: ओल्या ब्रेक डिस्कवर रात्रीतून तांबूस गंज चढतो, तो तशीही पहिल्या ब्रेकला निघून जातो, पण डिस्क आधीच कोरड्या झालेल्या बऱ्या.

टॉर्च: नवी रेघ नाही. ठिपके नाहीत. ओघळाची एक खूण डाव्या आरशाखाली.

९ मार्च (काचा)

रंग जमला तर आता काचा छळतायत. समोरून दिव्यांचा उजेड आला की काचेवर धुरकट कमानी दिसतात. बाहेरून पुसलं, तशाच. आतून पुसलं, थोड्या बदलल्या. नक्की कुठल्या बाजूला आहेत तेच कळेना. मग युक्ती केली: बाहेरून आडवे हात, आतून उभे. उरलेले फराटे उभे होते, म्हणजे दोष आतल्या बाजूला. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून हळूहळू निघणारा तेलकट अंश काचेवर बसतो, आणि मी आधी डॅशबोर्ड चकचकीत करायचा द्रव पुसलेल्या कापडानेच काच पुसत होते. काचेचे टॉवेल वेगळे ठेवण्याचं कारण हेच. एक ओला, घट्ट पिळलेला, त्यामागोमाग एक कोरडा. काचेचं क्लीनर काचेवर न मारता कापडावर मारलं, तेही थोडंच.

बाहेरच्या कमानी मात्र वायपरच्या होत्या. त्याच्या रबराची कडा ओल्या कापडाने पुसली, कापड काळंकुट्ट. दोन-तीन वेळा पुसल्यावर कमानी गेल्या. वायपर उभा करून ठेवलात तर काचेवर आपोआप आपटू देऊ नका, हाताने धरून बसवा. माझा निसटला होता, वर रबर होतं म्हणून काच वाचली.

१६ मार्च (जुने ठिपके)

टपावर जुने, महिन्यांपूर्वीचे क्षाराचे डाग आहेत, शाम्पूला दाद न देणारे. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, टॉवेल त्यात भिजवून डागावर दोन मिनिटं ठेवला, भरपूर पाण्याने धुतला. दहापैकी सात गेले. उरलेल्या तिघांत क्षार नाहीच, खड्डा आहे. डाग उन्हात तापत राहिला की थर कोरतो. तिथे घासून उपयोग नाही, म्हणून हात लावला नाही. व्हिनेगरने त्या जागेचं मेणही गेलं, ते पुन्हा लावलं. अगदी पातळ लावायचं. पहिल्यांदा जाड लावलं होतं, ते पुसताना ढगांसारखे फराटे आले आणि काढायला पाऊण तास लागला.

पक्ष्याची विष्ठा बोनेटवर होती. पूर्वी नखाने खरवडायचे. आज ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं, सगळं मऊ होऊन उचललं गेलं.

२३ मार्च (१ तास १० मिनिटं)

गेल्या आठवड्यात गाडी फार मळलीच नव्हती, म्हणून फेस मुरवायची पायरी गाळून पाहिली. नको होती गाळायला. डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला एक बारीक रेघ आली, बोटाएवढी. मागच्या चाकांची उडालेली धूळ तिथेच चिकटते आणि पाण्याच्या पहिल्या माऱ्याने ती सगळी जात नाही. ती पाच मिनिटं परत आणली.

टॉवेल धुऊन वाळत घातलेत. भाऊ म्हणतो पुढच्या रविवारी त्याची गाडी आणतो. मी विचारलं, “रंग कुठला?” तर म्हणे पांढरी. पांढरीवर चरे दिसत नाहीत, असतात मात्र. टॉर्च घेऊन ये म्हटलंय.

पॉलिशची बाटली आणून ठेवली आहे. बोनेटवरचं जाळं अजून तिथेच आहे. डिकीवरचे फोटो सलग चार रविवार स्वच्छ आले की ती उघडणार. आजच्या रेघेमुळे मोजणी पुन्हा एकपासून.